सोनं गेलं, सोनी आली

बेन किंग्सले म्हटलं की १९८२ च्या चित्रपटातले गांधीजी डोळ्यांपुढे येतात. आम्हा वर्धेकरांच्या तर ते सेवाग्राममुळे अधिकच जवळचे. याच किंग्सले यांनी १९८५ मध्ये बीबीसीच्या दूरदर्शनपटात एका विणकराची भूमिका केली. तो विणकर म्हणजे जॉर्ज इलियट या लेखिकेच्या १८६१ च्या कादंबरीचा नायक, सायलस मार्नर.

मराठी वाचकाला हा विणकर परका नाही. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांची गीता-प्रवचनं उतरवून घेणाऱ्या साने गुरुजींनी त्याला 'मनुबाबा' करून मराठीत आणलं.

कथा साधी आहे. सायलसवर चोरीचा खोटा आळ येतो. त्याचेच धर्मबंधू देवाच्या नावानं चिठ्ठ्या टाकून त्याला दोषी ठरवतात. तो परगावी जातो. पंधरा वर्षं दिवसा माग चालवतो, रात्री मोहरा मोजतो. एके दिवशी त्याही चोरीला जातात. मग थंडीच्या एका रात्री आई गमावलेली तान्ही पोर त्याच्या घरात शिरते. तिचे सोनेरी केस पाहून त्याला वाटतं, सोनंच परत आलं! गुरुजींनी तिचं नाव सोनी ठेवलं, ते उगाच नाही. पोरीच्या निमित्तानं शेजारीपाजारी घरात येऊ लागतात आणि तुटलेला माणूस पुन्हा गावाचा होतो. माग तोच असतो. कुणासाठी विणायचं, ते बदलतं.

सोळा वर्षांनी तिचा श्रीमंत जन्मदाता तिला न्यायला येतो. मुलगी वाढवणाऱ्या बापालाच निवडते. मुसलमान असून मराठीत कसं लिहिता, असं मला विचारलं जातं, तेव्हा मला ही मुलगी आठवते. माझ्या घरातली बोली वेगळी होती, पण कवी म्हणून मला वाढवलं ते मराठीनं.

शेवटी सायलस जुन्या गावी जातो, त्या आळाचा उलगडा व्हावा म्हणून. प्रार्थनाघराच्या जागी कारखाना उभा असतो. इंग्लंडातला हातमाग यंत्रापुढे हरला, तो हाच काळ. हातांचं काम टिकावं म्हणून पुढं वर्ध्यात १९३८ मध्ये मगन संग्रहालय उभं राहिलं. तिथले चरखे आपण पाहिले आहेत.

सायलसला न्याय कधीच मिळत नाही. तो मुलीसोबत घरी परततो, आणि तेवढं त्याला पुरतं.