बाहुल्यांसाठीं बांधलेलें घर

घरें माणसांसाठीं बांधतात, ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे कीं, एखाद्या गांवाच्या स्थापत्याचा लौकिक बाहुल्यांसाठीं बांधलेल्या घरापासून सुरू झाला असें कोणी सांगितल्यास तें थट्टेवारी नेण्याकडे ऐकणाऱ्याची प्रवृत्ति व्हावयाची. परंतु कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील कार्मेल-बाय-द-सी या गांवाच्या बाबतींत ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस सुमारें १२० मैलांवर, पॅसिफिक महासागराच्या कांठीं, पाइन व सायप्रस वृक्षांच्या दाटींत वसलेलें हें गांव जेमतेम एक चौरस मैलाचें असून २०२० सालच्या खानेसुमारींत त्याची लोकसंख्या सव्वातीन हजारहि भरली नाहीं. एवढ्याशा जागेंत, परीकथांच्या पुस्तकांतील चित्रांतून उचलून ठेवावीं तशीं वांकड्या आढ्यांचीं आणि ओबडधोबड धुराड्यांचीं वीसांवर घरें एका माणसाच्या हातचीं आहेत. आणि तीं पाहावयास आलेले प्रवासी हातांत नकाशा घेऊन, कोणाहि वाटाड्यावांचून, गल्लोगल्लीं हिंडत असतात. आम्हींहि ती फेरी पायीं केली आहे. त्या फेरीच्या ओघानें या घरांचा, आणि तीं ज्या गांवांत निपजलीं त्या गांवाचा, इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

कार्मेलची वसाहत १९०२ सालीं जेम्स फ्रँकलिन डेव्हेनडॉर्फ व फ्रँक पॉवर्स या दोघां गृहस्थांनीं मांडली. जमिनीचे तुकडे विकणें हाच त्यांचा धंदा. पण गिऱ्हाईक म्हणून त्यांनीं जो वर्ग निवडला तो पाहून आमच्यासारख्यास गंमत वाटल्यावांचून राहत नाहीं. १९०३ साली त्यांनीं जें पत्रक काढलें तें सावकारांना किंवा व्यापाऱ्यांना उद्देशून नव्हतें. तें कॅलिफोर्नियांतील शाळामास्तरांना आणि घरांत बसून डोक्याचें काम करणाऱ्या इतर मंडळींना उद्देशून होतें. मास्तरांकडे पैसा असतो असा समज बाळगून जमीन विकावयास निघालेला दुसरा व्यापारी आमच्या ऐकिवांत नाहीं! अर्थात् जमीन स्वस्त होती, आणि थोडे पैसे आगाऊ घेऊन बाकीचे हप्त्यानें घेण्याची डेव्हेनडॉर्फची तयारी होती. १९०५ सालीं जॉर्ज स्टर्लिंग हा कवि येथें राहावयास आला. पाठोपाठ मेरी ऑस्टिन ही लेखिका आली. १९०६ च्या भूकंपानें सॅन फ्रान्सिस्को शहर उद्ध्वस्त झाल्यावर तेथील कित्येक चित्रकारांनीं व लेखकांनीं याच गांवाची वाट धरली. १९१० मध्यें रानांतच उघड्यावर एक नाट्यगृह उभें राहिलें. १९१६ सालीं गांवास स्वतंत्र नगरसभा मिळाली, तेव्हां गांवांत पैसेवाल्यांपेक्षां कविता करणाऱ्यांचाच बोलबाला अधिक होता असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

अशा गांवीं १९२४ सालीं ह्यू कॉमस्टॉक नांवाचा तिशींतला एक तरुण बहिणीला भेटावयास आला. त्याचा जन्म १८९३ सालचा, इलिनॉय प्रांतांतला. स्थापत्याचें शिक्षण त्यानें घेतलेलें नव्हतें. गांवांत मायोटा ब्राउन या बाई कापडी बाहुल्या करून विकीत. त्या बाहुल्यांना त्यांनीं ‘ओट्सी-टोट्सी’ असें लाडिक नांव दिलें होतें. दोघांची ओळख झाली आणि त्याच वर्षीं लग्नहि झालें. संसार थाटल्यावर नवऱ्याच्या ध्यानांत आलें कीं, घरांत बाहुल्याच बाहुल्या असून माणसांना वावरण्यास जागा उरलेली नाहीं. तेव्हां बाहुल्या मांडून ठेवण्यासाठीं आणि गिऱ्हाइकांना दाखविण्यासाठीं एक निराळें खोपटें बांधावें असें ठरलें, आणि टॉरेस रस्त्यावरच्या झाडींत कॉमस्टॉकनें तें स्वतःच्या हातांनीं उभारलें. त्यालाच पुढें ‘हॅन्सेल’ हें नांव पडलें. दुसऱ्या वर्षीं शेजारींच ‘ग्रेटेल’ उभें राहिलें, आणि जवळच त्या दांपत्याचें स्वतःचें राहतें घर.

हॅन्सेलसमोर उभें राहिलें म्हणजे पहिली जाणीव होते ती त्याच्या लहानपणाची. चौरस फुटांचा हिशेब अडीचशेंच्या आसपासच थांबतो. आमच्याकडील एखाद्या चाळींतील दोन खोल्या याहून फारशा लहान नसतील. छप्पर उंच व उतरतें, त्यावर लांकडी कौलें, आणि आढ्याची रेघ मुद्दामच सरळ नाहीं. दगडी धुराडें असें रचलेलें आहे कीं तें आतां ढांसळेल कीं मग, असा संशय यावा. भिंतींवर तागाचें गोणपाट ताणून, पाइन वृक्षाचीं सुईसारखीं वाळलेलीं पानें गिलाव्यांत कालवून तो त्यावर थापलेला. त्यामुळें भिंतीला एखाद्या जुन्या झाडाच्या सालीचा खरखरीतपणा आला आहे. खिडक्यादारांच्या चौकटींचें कांहीं काम तर कॉमस्टॉकनें खिशांतल्या चाकूनें तासून केलें. ज्याला गवंडीकाम येतें तो ओळंबा लावतो. या माणसानें डोळ्यांना जें बरें दिसेल तेंच प्रमाण मानलें. बाहुल्या पाहावयास आलेलीं माणसें घरच पाहत राहिलीं, ‘आम्हांलाहि असेंच एक बांधून द्या’ म्हणूं लागलीं, आणि बाहुलीवालीचा नवरा गांवचा घरबांधणीवाला झाला.

हॅन्सेल आणि ग्रेटेल हीं नांवें ग्रिम बंधूंनीं १८१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या जर्मन कथासंग्रहांतलीं. घरांत खावयास कांहीं उरलें नाहीं म्हणून रानांत सोडून दिलेल्या दोन भुकेल्या भावंडांना पावाच्या भिंतींचें आणि साखरेच्या खिडक्यांचें घर दिसतें, आणि आंत चेटकीण बसलेली असते, ही ती कथा. मुलांच्या कल्पनेला घर कशाचें बांधलें आहे हा प्रश्न फार जवळचा असावा. आपल्या चिऊकाऊच्या गोष्टींतहि सगळा प्रसंग मेणाच्या आणि शेणाच्या घरांवरच बेतलेला आहे. मूळ जर्मन कथेंतलें दारिद्र्य कार्मेलला येईपर्यंत विसरलें गेलें आणि गोड घर तेवढें उरलें, ही गोष्ट मात्र लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

या प्रकारच्या घरांवर जाणत्या टीकाकारांचा नेहमींचा आक्षेप असा कीं, हें सारें खोटें आहे. कालपरवां बांधलेल्या घराला तीनशें वर्षांच्या म्हातारपणाचें सोंग देणें ही स्थापत्याची विटंबना होय. आक्षेप जुना आहे, आणि सोंगहि जुनें आहे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिनें व्हर्सायच्या बागेंत १७८३ च्या सुमारास एक लुटुपुटीचें खेडें बांधविलें. त्यांत गिरणी होती, गोठा होता, शेतकऱ्यांचीं घरें होतीं. इंग्लंडांत जॉन नॅश या प्रसिद्ध स्थापत्यकारानें ब्रिस्टलजवळ ब्लेझ हॅम्लेट येथें १८११ सालीं नऊ चित्रमय झोंपड्या उभारल्या; त्या एका धनिकानें आपल्या वृद्ध चाकरांसाठीं बांधविलेल्या होत्या, आणि त्या इतक्या नटवलेल्या आहेत कीं चाकरांच्या सोईपेक्षां पाहुण्यांच्या डोळ्यांची चिंता अधिक केलेली दिसते. १९२० च्या दशकांत अमेरिकेंत ही हौस पुन्हां उसळली. महायुद्धांत युरोपांत जाऊन आलेल्या शिपायांनीं तेथलीं खेडीं पाहिलीं होतीं, आणि चित्रपटांच्या कारखान्यांत तसलीं खेडीं पुठ्ठ्यालांकडाचीं उभारलीं जात होतीं. हॅरी ऑलिव्हर या कलादिग्दर्शकानें १९२१ सालीं एका चित्रपटसंस्थेच्या कचेरीसाठीं बांधलेलें ‘चेटकिणीचें घर’ पुढें उचलून बेव्हर्ली हिल्समध्यें नेण्यांत आलें, आणि तें अद्याप तेथें आहे.

पण व्हर्सायचें खेडें आणि टॉरेस रस्त्यावरचें खोपटें यांना एकाच तागडींत घालणें आम्हांस मान्य नाहीं. राणीनें गरिबीचा खेळ मांडला होता. खरी गरिबी राजवाड्याच्या भिंतीपलीकडे होती, आणि दहा वर्षांच्या आंतच तिनें त्या खेळाचा जाब विचारला. कॉमस्टॉकचें घर लहान आहे तें लहानपणाचें सोंग म्हणून नव्हे. बाहुल्या विकून संसार करणाऱ्या जोडप्याला तेवढेंच बांधतां येण्यासारखें होतें. गोणपाट, वाळलेलीं पानें, जवळपास मिळणारा दगड हें सामान कोणाच्याहि आवांक्यांतलें होतें. म्हातारपण खोटें होतें हें खरें. पण आतां तेंहि खोटें राहिलेलें नाहीं, कारण हॅन्सेलनें २०२४ सालीं शंभरी गांठली.

टॉरेस रस्त्यावरून उतरत डोलोरेस रस्त्याला आलें म्हणजे ‘टक बॉक्स’ लागतें. कॉमस्टॉकनें १९२० च्या दशकांत बांधलेली ही दुकानाची इमारत. पुढें कित्येक वर्षें तेथें चहा मिळत असे. इंग्रजी वसतिगृहांतील मुलांच्या खाऊच्या पेटीला ‘टक बॉक्स’ म्हणतात, हें ज्यांनीं इंग्रजी शालेय कादंबऱ्या वाचल्या आहेत त्यांना सांगावयास नको. लाटेसारखें डुलणारें छप्पर आणि नाना आकारांच्या दगडांचें धुराडें यांमुळें या घराचीं छायाचित्रें सर्वांत अधिक निघतात. जवळच, एडवर्ड कुस्टर या वकिली सोडून नाटकाच्या नादीं लागलेल्या गृहस्थानें १९२४ सालीं बांधलेल्या ‘गोल्डन बाऊ’ नाट्यगृहाचें अंगण आहे. नाट्यगृह १९३५ मध्यें जळालें. तिकिटांची चिमुकली खोली तेवढी राहिली, आणि तिच्यांत मिठाईचें दुकान निघालें.

हें सारें टिकलें तें आपोआप नव्हे. याच दशकांत पेरी न्यूबेरी नांवाचे एक पत्रकार नगरसभेच्या निवडणुकीस उभे राहिले, आणि ज्यांना फरसबंद रस्ते, दिवे व भरभराट हवी असेल त्यांनीं मला मत देऊं नये, असा त्यांनीं उलटा प्रचार केला. ते निवडून आले! १९२९ च्या कायद्यानें तर गांव मुख्यतः राहण्यासाठीं असून व्यापार हा दुय्यम आहे असें नगरसभेनें जाहीर करून टाकलें. रस्त्याच्या मधोमध झाड असेल तर रस्त्यानें वळावें, ही तेथील रीति. झाडांच्या मुळांनीं फरसबंदी उचकटते म्हणून उंच व बारीक टाचांच्या पादत्राणांस परवाना लागावा असा एक नियम १९६३ सालीं झाला. २०२४ सालापर्यंत तरी घरांना क्रमांक नव्हते. पत्ता सांगावयाचा तो अमुक कोपऱ्यापासून तिसरें घर, पूर्वेची बाजू, असा. मारुतीच्या देवळामागचें दुसरें घर ही आपली खुणेची पद्धति ज्यांच्या अंगवळणीं पडली आहे त्यांना या गांवांत वाट चुकण्याची भीति नाहीं.

समुद्राच्या कडेनें दक्षिणेस चालत गेलें म्हणजे गांवाच्या हद्दीपलीकडे एका टेकाडावर रॉबिन्सन जेफर्स या कवीचें ‘टॉर हाउस’ लागतें. परीकथेच्या घरांच्या नकाशांत तें बसत नाहीं. पण तें पाहिल्यावांचून फेरी पुरी करूं नये असें आमचें मत आहे. १९१९ सालीं गवंडी हें घर बांधत असतां जेफर्स त्यांच्या हाताखालीं राबून दगडकाम शिकला, आणि नंतर किनाऱ्यावरचे ग्रॅनाइटचे धोंडे स्वतः वाहून आणून त्यानें शेजारीं एक मनोरा एकट्यानें रचला. मनोरा १९२५ च्या सुमारास पुरा झाला, म्हणजे जेव्हां कॉमस्टॉक ग्रेटेलला गिलावा करीत होता तेव्हांच. दोघेहि अशिक्षित गवंडी. एकानें बायकोच्या बाहुल्यांसाठीं गोणपाटाचें घर केलें. दुसऱ्यानें बायकोसाठींच, पण जणुं मनुष्यजात नाहींशी झाल्यावरहि उभा राहावा असा मनोरा केला. त्या गांवाची आजची मुद्रा घडविली ती मात्र गोणपाटानें.

याहून जुना इतिहास गांवाच्या दक्षिण टोंकाला आहे. फादर हुनिपेरो सेरा यानें १७७० सालीं माँटेरे येथें स्थापिलेलें मिशन पुढच्याच वर्षीं कार्मेल नदीपाशीं हलविलें. सेरा १७८४ मध्यें मरण पावला व तेथेंच पुरला गेला. सध्यांचें दगडी चर्च १७९७ सालचें. तें ज्यांच्या श्रमांवर उभें राहिलें ते रुमसेन व एसेलेन लोक या किनाऱ्याचे मूळ रहिवासी. रोगराईनें व मिशनच्या जाचानें त्यांची संख्या झपाट्यानें घटली, आणि शेंकडों जण चर्चच्या शेजारच्या दफनभूमींत निजले आहेत. १८३४ नंतर मिशन मोडलें, छप्पर कोसळलें. १८७९ मध्यें रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आला तेव्हां त्यानें त्याची भग्नावस्था पाहून हळहळ व्यक्त केली होती. नीट जीर्णोद्धार हॅरी डाउनी यानें १९३१ पासून हातीं घेतला. कापडी बाहुल्यांच्या घरांना नकाशा आहे आणि या लोकांच्या गवती घरांपैकीं एकहि शिल्लक नाहीं, ही गोष्ट येथें आल्यावर मनांत सलते.

मिशनच्या काळीं या मुलुखांत कच्च्या विटांचीं घरें असत. आणि योगायोग असा कीं, कॉमस्टॉकहि अखेरीस मातीकडेच वळला. मातींत डांबराचा अंश मिसळून पाण्याला न विरघळणाऱ्या विटा पाडावयाच्या आणि लांकडी खांबांच्या सांगाड्यांत त्या भरावयाच्या, अशी सोपी रचना त्यानें बसविली. १९४८ सालीं तिच्यावर पुस्तकहि लिहिलें. खांब-तुळयांच्या सांगाड्यांत भिंत भरलेले आपल्याकडील वाडे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना ती नवखी वाटणार नाहीं. सामान्य माणसानें आपलें घर आपण बांधावें हा त्याचा हेतु होता. १९५० सालीं तो वारला. वांकड्या धुराड्यांपेक्षां हें काम मोलाचें, असें आम्ही समजतों. प्रवासी त्याची चौकशी करीत नाहींत.

आज त्या गांवांत साधें घर घ्यावयाचें म्हटलें तरी दहा लाख डॉलरांत भागत नाहीं. ज्या शाळामास्तरांना पत्रक पाठवून बोलाविलें होतें, त्यांना आतां तेथें चार दिवस भाड्यानें राहणेंहि जड जाईल. कापडी बाहुल्या करणाऱ्या बाईची तर गोष्टच नको. न्यूबेरीनें भरभराट नाकारली, आणि नाकारलेली ती भरभराट त्या नाकारण्याच्याच मोलानें दाराशीं येऊन बसली. घरांच्या आढ्यांत फेरफार करावयाचा तर नगरसभेची संमति लागते. आंत कोणी राहावें याविषयीं मात्र कायद्याचा इलाज चालत नाहीं.

रुग्णवाहिकांना घर सांपडत नाहीं, माल पोंचत नाहीं, अशा तक्रारी वाढल्यामुळें २०२४ सालीं घरांना क्रमांक देण्याच्या बाजूनें नगरसभेंत तीन विरुद्ध दोन असा कौल पडला. टॉरेस रस्त्यावरील हॅन्सेलच्या वांट्यालाहि त्यांतला एक यावयाचा.