दिवस गेले, हे आधी कोणाला कळायचं?

मी गुरुग्रामहून बोलते आहे. आपल्या श्रोत्यांत इथल्या मराठी मुली आहेत, तशाच इंदूर, बडोदा, बेळगावच्याही. त्यांचा एक प्रश्न नेहमी येतो : ताई, किट नव्हतं तेव्हा घरात कळायचं कसं?

उत्तर आपल्या भाषेतच आहे. आपण म्हणतो, 'दिवस गेले'. म्हणजे मुख्य परीक्षा मोजणीची होती. आणि ही मोजणी एकट्या बाईची नसे. कावळा शिवला की ती तीन दिवस बाजूला बसे, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात येई. एखाद्या महिन्यात ती बसली नाही, की सासूबाईंपासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांच्या ध्यानात येई. सुनेने तोंड उघडण्याआधीच बातमी माजघरात पोचलेली असे.

मोजणी चुकायचीही. अशक्तपणामुळे पाळी लांबे. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी सुरू झालेलीच नसे. तिला पोटात हालचाल जाणवेपर्यंत, म्हणजे चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत, पत्ता लागत नसे.

मोजणीच्या जोडीला लक्षणं होती. सुश्रुतसंहितेत थकवा, ग्लानी, तहान, मांड्यांतला जडपणा ही अगदी सुरुवातीची चिन्हं दिली आहेत. चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय प्रकट होतं, म्हणून गर्भिणी 'दोन हृदयांची', असंही तिथे म्हटलं आहे. आपले डोहाळे याच कल्पनेशी जोडले जातात. हा जुना प्रसूतिविचार आनंदीबाई जोशी यांनी 1886 मध्ये फिलाडेल्फियातल्या आपल्या प्रबंधात मांडला. चौदाव्या वर्षी बाळंत होऊन दहा दिवसांत मूल गमावलेल्या बाईने हा विषय निवडावा, यातच सगळं आलं.

लघवीची परीक्षाही जुनीच. प्राचीन इजिप्तमध्ये बाईची लघवी गहू आणि जवावर घालत. कोंब आले तर गर्भ आहे असं मानत. 1963 मध्ये हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा गरोदर बायकांच्या सुमारे 70 टक्के नमुन्यांत धान्य रुजलं. मुलगा की मुलगी, ते मात्र कळलं नाही. साखर, मीठ, टूथपेस्ट या आजच्या 'घरगुती' युक्त्यांना तर एवढाही आधार नाही. त्यांच्यावर विसंबू नका.

विसाव्या शतकात प्रयोगशाळेत बेडकाच्या मादीला लघवीचं इंजेक्शन देत. तिने अंडी घातली तर बाई गरोदर. मग 1967 मध्ये मार्गारेट क्रेन या अमेरिकन डिझायनर बाईंनी घरी करता येईल असा संच आखला. आज आपल्याकडे आशाताई 'निश्चय' नावाचं किट मोफत देतात. पट्टी एचसीजी हे संप्रेरक ओळखते. पाळी चुकल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासा आणि नंतर डॉक्टरांना भेटा.

माझ्या मते या इतिहासातला मोठा बदल अचूकतेचा नाही. पूर्वी बाईची बातमी घराला आधी कळे. आता ती तिला स्वतःला आधी कळते. कोणाला, केव्हा सांगायचं, हे ठरवायला तिला थोडा वेळ मिळतो. तो वेळ तिचा तिला राहू द्या.