फामागुस्ता : तटाच्या आत आणि बाहेर

सायप्रस बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील फामागुस्ता शहराचा इतिहास बहुधा १५७१च्या वेढ्यापाशी येऊन थांबतो. मात्र या शहराचे आजचे दुखणे समजून घ्यायचे, तर वेढा संपल्यावर काय झाले तेच पाहावे लागते.

१२९१ साली पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरचे आक्रे मामलुकांनी जिंकले आणि तिथले ख्रिस्ती व्यापारी इथे आश्रयाला आले. निर्वासितांनी बंदराला वैभव आणले. त्याच काळात उभे राहिलेले सेंट निकोलसचे कॅथीड्रल १३२८मध्ये पवित्र करण्यात आले. सायप्रसच्या राजांना ‘जेरुसलेमचे राजे’ म्हणून इथे राज्याभिषेक होई. ते राज्य हातचे गेले होते, मुकुट मात्र उरला होता. पुढे शहर जिनोआकडे आणि १४८९मध्ये व्हेनिसकडे गेले. तोफांचा मारा सोसतील असे आजचे जाडजूड तट ही व्हेनिसची करणी.

ते तट जवळजवळ अकरा महिने झुंजले. मदत आली नाही, दारूगोळा संपला आणि १ ऑगस्ट १५७१ रोजी सेनापती मार्कांतोनिओ ब्रागादिनने शरणागतीच्या वाटाघाटी सुरू केल्या. अभयाचे वचन मोडून ऑटोमन सरदार लाला मुस्तफा पाशाने त्याला जिवंत सोलले. कॅथीड्रलची मशीद झाली. आज तिला त्याच पाशाचे नाव आहे.

आम्ही उभयता तिथे गेलो तेव्हा तो बदल दगडांत वाचता आला. उंच गॉथिक कमानी तशाच, एका मनोऱ्यावर मिनार. इमारतीचा रोख पूर्वेला, तर मक्का दक्षिणेकडे. त्यामुळे नमाज वास्तूच्या लांबीला आडवा पडतो. दारासमोर एक प्रचंड जुने झाड आहे. खोडालाच लगडलेली फळे पाहून पत्नी म्हणाली, “अहो, हा तर आपला उंबरच!” तो उंबराचा भाऊबंदच आहे. झाड कॅथीड्रलच्याच वयाचे असल्याचे तिथे सांगतात. मूर्ती आणि चित्रे गेली. पण रोज कोणीतरी झाडलोट करत राहिले, म्हणून वास्तू टिकली.

माणसांचे तसे झाले नाही. जेत्यांनी ख्रिस्ती रहिवाशांना तटाबाहेर काढले. त्यांनी दक्षिणेला वस्ती केली, ती वरोशा. चार शतकांनी तिथे समुद्रकाठी उंच हॉटेले उभी राहिली. जुलै १९७४मध्ये ग्रीसच्या लष्करशाहीच्या पाठिंब्याने सायप्रसमध्ये बंड झाले आणि पाच दिवसांत तुर्की फौज उतरली. त्या उन्हाळ्यात तुर्की सायप्रियट कुटुंबे जीव वाचवण्यासाठी याच जुन्या तटाआड कोंडून राहिली होती. ऑगस्टच्या मध्यास तुर्की सैन्य पोहोचले. त्यांची सुटका झाली आणि वरोशातले हजारो ग्रीक सायप्रियट पळाले. लवकरच परतू, या समजुतीने अनेकांनी सामानही बरोबर घेतले नाही. सैन्याने वस्तीला कुंपण घातले.

ऑक्टोबर २०२०मध्ये त्यातला काही भाग लोकांना फिरण्यासाठी खुला झाला. रस्ते स्वच्छ आहेत. दोरीपलीकडची घरे मात्र ढासळलेली, बाल्कन्यांतून झाडे वाढलेली. मूळ रहिवाशांखेरीज इतरांना इथे वसवणे मान्य नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९८४मध्ये ठराव ५५० करून बजावले आहे. ठराव न्याय्यच आहे. १५७१मध्ये हाकललेल्यांच्या बाजूने असा एक कागदही नव्हता. पण मूळ मालकांना परतू दिले गेले नाही आणि हक्क राखणारा कागद गळते छत शाकारू शकत नाही.

परक्या हातात गेलेले कॅथीड्रल उभे आहे, आणि कोणाच्याच हातात नसलेली घरे कोसळत आहेत. त्यातून ‘बळकावलेलेच टिकते’ असा धडा काढणे सोपे, पण चुकीचे ठरेल. फामागुस्ता सांगते ते इतकेच, की न्यायालाही मुदत असते. घर सोडताना जे तरुण होते, ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत.