लाव्याचे अंडे आणि सुरतेचा तराजू

सुरत हे जुन्या काळापासून तराजूंचे शहर. १६१३ साली इंग्रजांना तेथे वखारीची परवानगी मिळाली. पुढे त्यांच्या हिशेबात सुरती मण सुमारे ३७ पौंडांचा, तर मुंबईचा मण २८ पौंडांचा धरला जाई. शब्द एकच, पण भार निराळा! तरीही मालाची खरी अडचण वजनात नव्हती. ती होती गुणात. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस थांबला. तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांत हिंदुस्थानी कापूस ‘सुरत’ या नावाने गेला. त्याचे वजन भरे. पण धागा आखूड आणि कचरा फार. कामगारांच्या तोंडी ‘सुरत’ हा शब्दच हलक्या मालाचा वाचक होऊन बसला. ‘किती’ आणि ‘कसे’ हे दोन निराळे प्रश्न आहेत, हा त्यातील बोध.

तोच बोध आज एका चिमुकल्या जिनसेला लागू पडतो. ती जिन्नस म्हणजे लाव्याचे, बाजारी भाषेत बटेराचे, अंडे.

हा पाळीव लावा मूळचा जपानचा. तेथे प्रथम तो त्याच्या आवाजासाठी पाळीत. अंड्यांसाठी त्याची पैदास विसाव्या शतकाच्या आरंभी वाढली. दुसऱ्या महायुद्धात त्याचे कळप जवळजवळ नष्ट झाले आणि उरल्यासुरल्या पक्ष्यांपासून ते पुन्हा उभे करावे लागले. भारतात तो १९७४ साली उत्तर प्रदेशातील इज्जतनगरच्या संशोधन केंद्रात आला. हा पक्षी सहा-सात आठवड्यांत अंडी घालू लागतो. त्याचे अंडे १०-१२ ग्रॅमचे, म्हणजे कोंबडीच्या अंड्याच्या पाचव्या हिश्शाएवढे असते.

आता प्रश्न असा की, जड अंडे ते चांगले अंडे काय? जड अंड्यात पांढरा आणि पिवळा, दोन्ही बलक अधिक असतात, हे खरे. परंतु ही वाढ सारखी होत नाही. पांढऱ्या बलकाचा वाटा वाढतो, पिवळ्याचा व कवचाचा तुलनेने घटतो. शिवाय मादीचे वय वाढले की अंडे मोठे होते; पण कवच पातळ आणि पांढरा बलक पातळसर होत जातो. उबवणीपुरते पाहिले तर जड अंड्यातून जड पिल्लू निघते. म्हणून उबवणारे फार लहान अंडी बाजूला काढतात. पण ते फार मोठीही घेत नाहीत.

गुण मोजण्याची रीत अमेरिकेतील रेमंड हॉ यांनी १९३७ साली घालून दिली. अंडे सपाट काचेवर फोडावयाचे आणि घट्ट पांढऱ्या बलकाची उंची मोजावयाची. मोठ्या अंड्याचा बलक आकारामुळेच उंच दिसतो. म्हणून हॉ यांनी वजनाचा प्रभाव सूत्रातून वजा केला. गुण पारखण्यासाठी वजन बाजूला सारावे लागले, हे ध्यानात घ्या! ते सूत्र मात्र कोंबडीच्या अंड्यावर बेतलेले आहे. म्हणून लाव्याच्या अंड्याचा आकडा लाव्याच्याच अंड्याशी ताडावा, हे बरे.

तर मग तराजू निरुपयोगी ठरतो काय? तसे नव्हे. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून अंड्यातील ओल आणि कार्बन डायऑक्साइड वायू सतत निसटत असतात. ओल गेली की वजन घटते, वायू गेला की पांढरा बलक पातळ होतो; सुरतेच्या उन्हाळ्यात ही क्रिया अधिकच वेगाने चालते. म्हणजे एकाच अंड्याचे कालचे आणि आजचे वजन ताडून पाहिले, तर तराजू खरे बोलतो. दोन निरनिराळी अंडी शेजारी ठेवली, तर मात्र तो गुणाविषयी मुका राहतो.

कोंबडीचे अंडे दिव्यासमोर धरून आतली पोकळी पाहता येते. लाव्याच्या अंड्यावर गडद ठिपके असल्याने दिव्याचेही फारसे चालत नाही. गिऱ्हाइकाला दिसतो तो केवळ आकार, आणि आकारालाच तो पैसे मोजतो. मोठे अंडे निवडण्याऐवजी त्याने ते कोणत्या दिवशी घातले आणि कोठे ठेवले होते, एवढे विचारावे. उत्पादकाने पेटीवर तारीख घालावी. ‘किती’ याचे उत्तर तराजू देईल; ‘कसे’ याचे उत्तर ती तारीखच देऊ शकेल.