पर्यावरणाचा हिशेब : मांडणारा कोण, विचारणारा कोण?

शासकीय खात्याने वर्षभरात किती पैसा खर्च केला, याचा हिशेब विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. त्याच खात्याने किती वीज व इंधन वापरले, किती कचरा निर्माण केला, त्याच्या निर्णयांचा नदी, जंगल वा हवेवर काय परिणाम झाला, याचा हिशेब मात्र बराच काळ कोणी मागत नव्हते. १९९२ मध्ये रिओ दि जानिरो येथे भरलेल्या वसुंधरा परिषदेनंतर हे चित्र बदलू लागले. तेथे संमत झालेल्या ‘अजेंडा २१’ने पर्यावरण व विकास यांचा एकत्रित विचार शासनाच्या निर्णयप्रक्रियेत आणण्याचा आग्रह धरला. पर्यावरणविषयक अहवालांच्या पद्धतीला अनेक देशांत त्यातून बळ मिळाले.

कॅनडाचा अनुभव

या पद्धतीचे गुण-दोष कॅनडात स्पष्ट दिसतात. तेथे १९९५ मध्ये महालेखापरीक्षक कायद्यात दुरुस्ती झाली. प्रमुख खात्यांनी स्वतःचे शाश्वत विकास धोरण तयार करून संसदेत मांडावे व दर तीन वर्षांनी ते अद्ययावत करावे, असे बंधन त्यामुळे आले. त्याचबरोबर ‘पर्यावरण व शाश्वत विकास आयुक्त’ हे पद निर्माण झाले. हे पद पर्यावरण मंत्रालयात नसून महालेखापरीक्षकांच्या कार्यालयात आहे. त्यामुळे तपासणीचे निष्कर्ष मंत्र्यांकडे न जाता थेट संसदेपुढे येतात. शिवाय कोणताही रहिवासी पर्यावरणविषयक प्रश्नावर अर्ज करू शकतो आणि संबंधित मंत्र्याला १२० दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते.

खात्यांची पहिली धोरणे १९९७ मध्ये सादर झाली. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, आयुक्त कार्यालयानेच या पद्धतीतून अपेक्षित फळ मिळाले नसल्याचा निर्वाळा दिला. प्रत्येक खाते आपापली उद्दिष्टे ठरवीत होते. परंतु संपूर्ण देशाचे समान उद्दिष्टच नसल्याने या तुकड्यांची बेरीज होत नव्हती. २००८ च्या कायद्याने ही उणीव दूर करण्यासाठी एकच संघीय धोरण आणले व खात्यांची धोरणे त्याच्याशी जोडली. पुढील दुरुस्ती डिसेंबर २०२० पासून लागू झाली आणि पूर्वी पंचवीसच्या आसपास असलेली बांधील संस्थांची संख्या नव्वदच्या पुढे गेली.

महाराष्ट्रातील व्यवस्था

महाराष्ट्रात अशा अहवालाची सर्वांत परिचित तरतूद महापालिकांच्या कायद्यांत आहे. मुंबईसाठी कलम ६३ ब आणि इतर महापालिकांसाठी कलम ६७ अ अन्वये आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी मागील वर्षाचा पर्यावरण स्थितीविषयक अहवाल महापालिकेपुढे ठेवावयाचा असतो. हवा, पाणी, सांडपाणी, घनकचरा, ध्वनी, वाहनसंख्या, वृक्षसंपदा आदी विषय त्यात येतात. अनेक महापालिका त्यासाठी प्रेरक घटक, ताण, स्थिती, परिणाम व प्रतिसाद अशी पाच टप्प्यांची मांडणी वापरतात. लोकसंख्या वाढली, म्हणून वाहने वाढली, म्हणून हवा बिघडली, म्हणून आजार वाढले, त्यावर पालिकेने काय केले, अशी ही साखळी असते.

येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. हा अहवाल प्रामुख्याने शहराची स्थिती सांगतो. पालिकेची कामगिरी त्यातून वाचकाला शोधून काढावी लागते. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची क्षमता किती, हा एक आकडा झाला. प्रत्यक्षात किती सांडपाण्यावर प्रक्रिया झाली, हा दुसरा. किती झाडे लावली याला, किती जगली हे कळल्याशिवाय अर्थ नाही. हवेच्या नोंदी गतवर्षीच्याच ठिकाणांवरच्या आहेत की केंद्रे बदलली, हे पाहिल्याविना सुधारणेचा दावा तपासता येत नाही. मुंबई महापालिकेने २०२४-२५ साठी प्रथमच हवामान अर्थसंकल्पाचा अहवाल प्रसिद्ध करून हवामानविषयक कामांना खर्चाच्या आकड्यांची जोड दिली. स्थितीकडून कामगिरीकडे जाणारे हे एक पाऊल होते.

ऐकणारे सभागृह

अहवालाचे खरे मोल त्यावर प्रश्न विचारणाऱ्याच्या अधिकारावर ठरते. कलम ६७ अ अहवाल ‘ठेवण्यास’ सांगते. त्यावर झालेल्या कार्यवाहीचा अहवाल पुढील वर्षी देण्याचे बंधन त्यात नाही. त्यातच मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुणे आदी महापालिकांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्याने आयुक्तांकडेच प्रशासकपद आले. परिणामी अहवाल मांडणारा आणि तो स्वीकारणारा अधिकारी एकच, अशी स्थिती सुमारे चार वर्षे राहिली. आकडे प्रसिद्ध होत राहिले, पण त्यांचा जाब विचारणारे निवडून आलेले सभागृह नव्हते.

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातील २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या आणि लोकनियुक्त सभागृहांचा मार्ग मोकळा झाला. कॅनडातील आयुक्तांसारखी स्वतंत्र यंत्रणा महापालिकांच्या कायद्यात नाही. म्हणून ही जबाबदारी नगरसेवकांवर आणि अहवाल वाचणाऱ्या नागरिकांवर येते. गतवर्षीचा अहवाल शेजारी ठेवून यंदाचा वाचला आणि न पाळलेल्या आश्वासनांचे कारण विचारले, तरच जुलैअखेरच्या या कागदपत्रांना हिशेबाचे मोल येईल.