जयंतीच्या भाषणात न येणारे मृत्यू

जयंतीच्या व्याख्यानात आपले वक्ते बाबासाहेबांच्या पदव्या सालांसह सांगतात. घरातले मृत्यू मात्र ‘त्याग’ या एका शब्दात उरकतात. इतिहास शिकवणारा म्हणून मला हा शब्द खटकतो. त्याग माणूस समजून-उमजून करतो. पोटची चार मुले जाणे हा कुणी केलेला त्याग नव्हे.

१८९६ साली साताऱ्यात भीमाबाई वारल्या तेव्हा भीम पाच वर्षांचा होता. त्या वयात मूल दुःख सांगू शकत नाही. जो पदर जवळ असेल तो धरते. तो पदर आत्या मीराबाईंचा होता. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले, तेव्हा मुलगा एकवीस वर्षांचा, बडोद्याच्या नोकरीत नुकताच रुजू झालेला. वडिलांच्या आजाराची तार मिळताच निघालेले भीमराव त्यांच्यासाठी मिठाई घ्यायला सुरतेला उतरले आणि गाडी चुकली, असे धनंजय कीर लिहितात. जुलैत ते न्यूयॉर्कला पोचलेही. शोकाला सवड कुठली!

पस्तिशीतला शोक निराळा. रमेश, गंगाधर, इंदू यांच्यामागून जुलै १९२६ मध्ये राजरत्न गेला. ऑगस्टमध्ये दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात मोडून पडलेला बाप दिसतो. हे पत्र विद्यार्थ्यांनी महाडच्या भाषणाशेजारी ठेवून वाचावे. आठच महिन्यांनी, २० मार्च १९२७ ला, त्याच बापाने चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. दुःख विसरून नव्हे, दुःखासकट घेतले, असे मी मानतो.

आणि रमाबाई? तीच चार मुले त्यांचीही होती. बाबासाहेबांच्या पत्रासारखे त्यांचे पत्र आपण कुठून आणणार? माझ्या आईची दोन मुले दगावली. तिसऱ्या दिवशी ती खुरपायला गेली होती, असे मावशी सांगते. “मुलं किती?” असे कुणी विचारले की आई जगलेली मोजून सांगते आणि क्षणभर थांबते. त्या थांबण्याची नोंद कुठल्या दप्तरात होत नाही. आपल्या बायांच्या शोकाचा इतिहास लिहायचा तर तिथूनच सुरुवात करावी लागेल.

२७ मे १९३५ रोजी राजगृहात रमाबाई गेल्या. चव्वेचाळीस वर्षांच्या बाबासाहेबांनी मुंडन केले. जूनमध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले; १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. पुढे ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांनी रामूला अर्पण केला. माझे विद्यार्थी हा ग्रंथ प्रस्तावनेपासून वाचू लागतात. मी त्यांना आधी अर्पणपत्रिकेचे पान उघडायला सांगतो.