चार बाजू मोजल्या म्हणजे शेत मोजलं का? वत्सगुल्म, भास्कराचार्य आणि उद्याचे शिक्षक



आज समोर बसलेल्यांत बरेच जण डी.एल.एड. करणारे आहेत. म्हणजे वर्षा-दोन वर्षांत आपण वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा अशा एखाद्या तालुक्यातल्या शाळेत उभे राहून ‘लांबी गुणिले रुंदी’ शिकवणार आहोत. तेव्हा सुरुवात एका दोरीपासून करू.

100 मीटरची दोरी घ्या, टोकं बांधा आणि दर 25 मीटरवर एक गाठ मारा. चौघांनी चार गाठी धरून मैदानात ताणून उभं राहायचं. चौकोन तयार झाला, प्रत्येक बाजू 25 मीटर. कोपरे काटकोनात असतील तर क्षेत्रफळ 625 चौरस मीटर. आता समोरासमोरच्या दोघांनी एकेक पाऊल मागे सरकायचं आणि उरलेल्या दोघांनी आत यायचं. दोरी तीच, बाजू त्याच, पण आकार बदलला. लांब कर्ण 40 मीटर आणि आखूड कर्ण 30 मीटर झाला, की क्षेत्रफळ 600. आणखी दाबत नेऊन कर्ण 48 आणि 14 वर आणले, की क्षेत्रफळ राहतं 336. चार बाजूंना धक्का न लागता जवळजवळ निम्मी जमीन गेली! आपल्या भाषेत सांगायचं तर सहा गुंठ्यांचे सव्वातीन गुंठे झाले.

हे आकडे आमचे नाहीत. 25 बाजूचा चौकोन, 30-40 आणि 14-48 हे कर्ण, 625, 600 आणि 336 ही उत्तरं भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहेत. ग्रंथाचा काळ शके 1072, म्हणजे इसवी सन 1150. पावणेनऊशे वर्षांपूर्वीचं हे उदाहरण आज सातवीच्या वर्गात जसंच्या तसं चालतं.

आता या उदाहरणामागचा इतिहास पाहू. त्यात एक वाद दडलेला आहे.

628 साली ब्रह्मगुप्ताने चौकोनाच्या क्षेत्रफळाचे दोन नियम दिले. पहिला स्थूल: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. शेतं मोजणाऱ्यांच्या हातात हा नियम जगभर होता, कारण तो सोपा आहे. दुसरा सूक्ष्म: चारही बाजूंची निम्मी बेरीज घ्यायची, तिच्यातून एकेक बाजू वजा करायची, चारही वजाबाक्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचं. ज्या चौकोनाचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर बसतात त्याला हा दुसरा नियम अगदी बरोबर लागू पडतो. इतर चौकोनांना मात्र नाही. आपल्या दोरीच्या चौकोनावर दोन्ही नियम लावून बघा. दोन्हींचं उत्तर 625 येतं, आकार कितीही दाबला तरी 625 च! कारण या नियमांना फक्त बाजू दिसतात, कोपरे दिसतच नाहीत.

भास्कराचार्यांनी इथेच बोट ठेवलं. ते म्हणतात, बाजू त्याच राहिल्या तरी कर्ण वेगळे असू शकतात, मग क्षेत्रफळ एकच कसं असेल? आणि पुढे त्यांचा सूर चांगलाच चढतो. कर्ण किंवा लंब न देता जो चौकोनाचं निश्चित क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच्च, आणि जो त्याचं उत्तर देतो तो त्याहून मोठं पिशाच्च, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलंय. विचारणारा कोण? परीक्षक. उत्तर देणारा कोण? गुरुजी. म्हणजे हा शेरा थेट आपल्यावर आहे, मंडळी.

त्यात शिकवण्याच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. तीन काड्या टोकांना बांधल्या की त्रिकोण हलत नाही, चार काड्यांचा चौकोन डगमगतो. घरातली बाज तिरकी होते ती याच कारणाने, आणि फाटकाला सुतार तिरपी पट्टी ठोकतो तीही याच कारणाने. ती पट्टी म्हणजे कर्ण. कर्ण टाकला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोण पक्का असतो. तिसरीच्या मुलाला सूत्र कळणार नाही, पण हे हाताला कळतं.

आता आपण विचाराल, भास्कराचार्यांचा वाशीमशी काय संबंध? आहे, आणि चांगला जवळचा आहे.

वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. विंध्यशक्ती दुसरा याचा चौथ्या शतकातला ताम्रपट वाशीमलाच सापडला, हे आपल्याला माहीत आहेच. पण भास्कराचार्यांच्या ‘करणकुतूहल’ या ग्रंथात हे गाव वेगळ्याच कारणाने येतं. पंचांगाचं गणित सोपं करण्यासाठी लिहिलेला हा ग्रंथ, त्याचा आरंभकाळ शके 1105, म्हणजे 1183. त्यात पृथ्वीच्या मध्यरेषेवरची गावं सांगितली आहेत: दक्षिणेला लंका, मग कांची, पुढे वत्सगुल्म, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि उत्तरेला मेरू. आज ग्रीनिचला जे स्थान आहे, ते भारतीय ज्योतिषात या रेषेला होतं. वाशीमला मध्यमेश्वराचं मंदिर आहे, आणि ही मध्यरेषा तिथूनच जायची असं गावात आजही सांगतात.

आपण अभिमान जरूर बाळगू, पण मोजूनही बघू. आजच्या नकाशात उज्जैन सुमारे 75.8 अंश पूर्व रेखांशावर आहे, वाशीम सुमारे 77.1 वर, कुरुक्षेत्र 76.8 च्या आसपास आणि कांची पार 79.7 वर. म्हणजे ही गावं एका सरळ रेषेत नाहीत. वाशीम आणि उज्जैनमध्येच सव्वा अंशाहून जास्त फरक आहे; सूर्य वाशीमच्या डोक्यावर उज्जैनच्या पाचेक मिनिटं आधी येतो.

मग हे लोक चुकले का? चुकले, पण कशामुळे चुकले ते समजून घेणं हाच आपला धडा आहे. अक्षांश मोजणं सोपं. 12 अंगुळांची काठी, म्हणजे शंकू, सपाट जमिनीवर उभा करायचा. मार्च किंवा सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र सारखी असते त्या दिवशी, मध्यान्हीची सावली मोजायची. वाशीमला ती सुमारे चार पूर्णांक चार दशांश अंगुळं भरते. या सावलीला पलभा म्हणत, आणि तिच्यावरून अक्षांश निघतो. एक काठी, एक दुपार, काम झालं. रेखांशासाठी मात्र दोन गावांची वेळ एकाच क्षणी ताडून पाहावी लागते. घड्याळ नाही, तार नाही. चंद्रग्रहण दोन्हीकडे एकाच क्षणी लागतं, तेव्हा दोन्ही ठिकाणी रात्रीची किती घटका झाली हे नोंदवायचं आणि फरक काढायचा. घटिकापात्राच्या मापात चार-पाच मिनिटांची चूक झाली, की नकाशावर शे-सव्वाशे किलोमीटरची चूक होते. एक माप काठीने मिळतं, दुसरं मिळत नाही. हे कळलं की मापातल्या चुकीची शरम वाटत नाही, तिचं कारण शोधावंसं वाटतं. वर्गातल्या मुलाची पट्टी चुकते तेव्हाही शिक्षकाने हेच करायचं असतं.

गंमत म्हणजे सहाशे-साडेसहाशे वर्षांनी दुसरी एक मध्यरेषा वऱ्हाडाजवळून गेली. विल्यम लॅम्बटनने दक्षिणेतून त्रिकोणामागून त्रिकोण मांडत साधारण 78 अंश रेखांशाच्या कडेने भारताची मोजणी उत्तरेकडे आणली. 1823 च्या जानेवारीत तो हिंगणघाटला वारला. त्याने चौकोन का मांडले नाहीत? त्याचं उत्तर बाजेने आणि फाटकाने आपल्याला आधीच दिलंय.

आता गावातल्या मापाकडे येऊ. ‘लीलावती’च्या सुरुवातीलाच मापांची कोष्टकं आहेत. 8 यवांचं एक अंगुळ, 24 अंगुळांचा हात, 4 हातांचा दंड. आणि 10 हातांचा एक वंश. ज्या शेताच्या चारही बाजू 20-20 वंश आहेत ते एक निवर्तन. म्हणजे 200 हात बाय 200 हात. दीड फुटाचा हात धरला तर सुमारे दोन एकर. लक्षात घ्या, निवर्तन हा आकडा नाही, तो जमिनीवर आखता येणारा चौरस आहे.

आपला गुंठाही तसाच. इंग्रजांनी 1830 च्या दशकात इंदापूरपासून नवी मोजणी पद्धत बसवली, आणि पुढे 1860 च्या दशकात तीच पद्धत वऱ्हाडात आली. तिची साखळी 33 फुटांची. एक साखळी बाय एक साखळी म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर, 43,560 चौरस फूट. हा विचित्र आकडा पाठ करताना आपल्यापैकी कितीजणांना कोणी साखळी दाखवली होती? मोजणीदारांची ‘शंकू साखळी’ पद्धत बघा. शेताच्या आरपार एक रेषा टाकायची आणि तिच्यावर कोपऱ्याकोपऱ्यातून लंब घ्यायचे. कर्ण आणि लंब! भास्कराचार्यांनी जे मागितलं होतं, नेमकं तेच. नुसते बांध मोजून शेताचं क्षेत्रफळ सांगणारा मोजणीदार नोकरीत टिकला नसता.

शाळेत मात्र हे पोचलं नाही. पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकली जायची. बाजारहाटाच्या हिशेबाला ती उत्तम होती, आकाराला तिच्यात जागा नव्हती. 1820 च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्विसने जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या मदतीने हटनचं गणित मराठीत आणलं, आणि युक्लिडच्या धाटणीची भूमिती मराठी बोलू लागली. पण ती ‘सिद्धता’ म्हणून पाठ झाली. मोजणी खात्याची साखळी बांधावर राहिली आणि शाळेची भूमिती फळ्यावर राहिली. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत अशी मागणी केली आणि अभ्यासात हिशेबाबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञानही मागितलं. कागदावरचं क्षेत्र ज्याला वाचता येत नाही तो शेतकरी कोणाच्या हातात सापडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग 1937 ची वर्धा परिषद आणि झाकीर हुसेन समिती. वाशीम तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या अकोला जिल्ह्याचा तालुका. नई तालीममध्ये गणित सुतातून यायचं: चार फुटांचा एक तार, 640 तारांची एक गुंडी, म्हणजे 2560 फूट. इथे महत्त्वाचं हे, की होणाऱ्या शिक्षकाला आधी स्वतः सूत कातावं आणि मोजावं लागे. जे हाताने केलं नाही ते शिकवायचं नाही, असा तो आग्रह होता. त्याचे दोषही होते, पण हा आग्रह आपण सोडून दिला हे काही बरं झालं नाही.

1957 ला नवे पैसे आले, 1958 पासून मेट्रिक मापं येऊ लागली. शेर-मण शिकलेल्या गुरुजींना किलो शिकवावा लागला. सातबारावर आज हेक्टर आणि आर असतात, पारावर मात्र एकर-गुंठेच चालतात. एक आर 100 चौरस मीटर आणि एक गुंठा सुमारे 101, म्हणून दोन्ही भाषांत फारसा गोंधळ होत नाही. हेक्टर म्हणजे साधारण 2 एकर 19 गुंठे. पण वर्गात आपण हेक्टरचं कोष्टक सांगतो आणि मूल संध्याकाळी वाटणीच्या बोलण्यात गुंठे ऐकतं. दोन्ही एकच आहेत हे त्याला कोण सांगणार? त्याच्या घरी भावाभावांत शेत वाटलं जाईल तेव्हा कोणीतरी म्हणेल, ‘बांध सारखे आहेत, मग वाटण्या सारख्याच.’ त्या दिवशी त्या मुलाला दोरीचा खेळ आठवला पाहिजे.

म्हणून शेवटी एक विनंती. पहिली नेमणूक मिळाली की शाळेच्या मैदानात फक्कीने 33 फुटांचा चौरस आखा, कर्ण दोन्ही बाजूंनी मोजा, आणि दोन्ही सारखे येईपर्यंत कोपरे हलवा. शेजारी 10 मीटरचा चौरस आखा. एक गुंठा, एक आर, शेजारी शेजारी. मुलांना त्यात उभं करा. मार्चमध्ये काठी रोवून सावली मोजा, आकडा भिंतीवर लिहा, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना तो तपासायला सांगा. आपला आकडा चार पूर्णांक चारऐवजी पाच आला, तर घाबरू नका. काठी सरळ होती का, जमीन सपाट होती का, हे मुलांनाच विचारा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. फक्त चौकोनाबद्दल असेल तर कर्ण सांगूनच विचारा.